सोमवारी कुठे आहे?

बांगडी भरताना शमीमचाची बाईच्या हाताकडे पाहतच नाही, तोंडाकडे पाहते. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी येऊन अडली की ती हळूच एक प्रश्न सोडते. "काऊन वो, तुमच्या नणंदेनं नवं घर बांधलं म्हणे?" बाई "कोण म्हणते?" म्हणून भडकते, तेवढ्यात हात ढिला पडतो आणि बांगडी मनगटात. फुटणं नाही, ओरखडा नाही. मी हे घरी आईवर करून पाहिलं. आवाज हुबेहूब जमला, प्रश्नही झोंबला, पण तीन बांगड्या फुटल्या. कसब आवाजात नसून बोटांत आहे हे तेव्हा कळलं, आणि जरा वाईटच वाटलं.

चाची आमच्या घरासमोर राहते. ब्रह्मपुरीहून गडचिरोलीकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतले साहेब लोक अजून आपापल्या खुर्चीवर आहेत. सासूच्या हाताखाली शिकून चाची या धंद्यात आली, त्याला सव्वीस वर्षं झाली. तिचे नवरे रहीमचाचा घरी शिवणकाम करतात आणि इतकं कमी बोलतात की त्यांची नक्कल करायची म्हटलं तर नुसतं गप्प बसावं लागतं.

पुढचं समजायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे. आमच्याकडे आठवडी बाजाराचं नाव म्हणजे त्याचा वार. सोमवारचा बाजार म्हणजे 'सोमवारी', मंगळवारचा म्हणजे 'मंगळवारी'. "सोमवारीत वांगे स्वस्त हाय", "मंगळवारीत भेटली होती तुझी मामी", असं. चाची अशा सहा बाजारांत बसते. सोमवारी आमच्याच गावात, तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. मंगळवारी सागवानाच्या जंगलाच्या कडेला. बुधवारी, शनवारी आणि इतवारी वेगवेगळ्या गावांत, आणि गुरुवारची, म्हणजे आमच्या भाषेत बेस्तरवारी, वैनगंगेच्या पल्याड. शुक्रवारी घरी, कारण जुम्मा. पेटी एसटीच्या टपावर किंवा काळीपिवळी जीपमध्ये, चाची तिच्याशेजारी.

सव्वीस वर्षं तिनं माल गावातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून उचलला. तो पैसे नंतर घेतो, पण माल तो निवडतो. शहरात जे खपलं नाही ते चाचीच्या पेटीत. आमच्याकडच्या बायांचे हात कामाचे, हाडं रुंद, पण मनगट बारीक. आणि लगनसराईत त्यांना पाहिजे बारीक सोनेरी ठिपक्याच्या हिरव्या बांगड्या. चाचीच्या पेटीत निघायच्या जांभळ्या, मोठ्या मापाच्या, चकचकीत. बाया उलटूनपालटून पाहायच्या आणि खाली ठेवायच्या. "अशा बांगड्या तं माझी म्हैस घालीन," असं एक जण म्हणाली, ते चाचीला लागलं.

तिनं ठरवलं, यंदा लगनसराईच्या आधी स्वतः नागपूरला जायचं आणि आपल्या डोळ्यांनी माल निवडायचा. त्याला हातात रोख पाहिजे. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी बँकेतून पंधरा हजारांचं कर्ज मिळतं, हे तिनं ऐकलं होतं. बँकेत तिचं खातं होतं, पेटीवर मोबाइलनं पैसे आले की बोलून सांगणारा डबाही होता. फक्त नगरपरिषदेचं विक्रेता प्रमाणपत्र पाहिजे, आणि बँकेच्या माणसानं विक्रीची जागा डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

"छब्बीस साल दुसऱ्याच्या पसंतीच्या चुड्या विकल्या," चाची माझ्या आईला म्हणाली. "आता माझ्या पसंतीच्या विकीन."

नगरपरिषदेनं नोंदणीचं शिबिर लावलं, तिथे चाची गेली. टेबलामागे पुण्याकडून नव्यानं आलेले साहेब होते. ते प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलतात. मी त्यांची नक्कल करताना मान ताठ ठेवते आणि शेवटचं अक्षर सोडत नाही.

"विक्रीचं ठिकाण?" साहेब.

"सोमवारी."

"अहो, कधी विकता ते नाही विचारलं. कुठे विकता?"

"सोमवारीच ना साहेब."

"सोमवारी, पण कुठे?"

"सोमवारी अजून कुठी राहीन? इथीच हाय, तळ्याच्या पाळीखाली."

"बाई, मी वार विचारत नाहीये, जागा विचारतोय."

"मग मी जागाच सांगून राह्यलो ना!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "थांबा. म्हणजे सोमवार हे जागेचं नाव आहे?"

"हो. आता कसं समजलं."

"मग मंगळवारपण आहे?"

"हाय ना. मंगळवारी हाय, बुधवारी हाय, बेस्तरवारी, शनवारी, इतवारी, सारे हाय. मी सगळ्यात बसतो."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवारी नाई. शुक्रवारी नमाज राहते."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दूर येऊन त्यांना पहिल्यांदाच काहीतरी घरचं सापडलं होतं. "अरे वा! आमच्याकडे तर शुक्रवार पेठसुद्धा आहे!" असं म्हणून त्यांनी आनंदानं टाइप केलं: सोमवार पेठ. चाचीला वाटलं, साहेब आपलं कौतुक करून राह्यले. तीपण हसली.

पुढचा रकाना होता, विक्रेता स्थिर की फिरता.

"दोन्ही," चाची म्हणाली.

"दोन्ही नाही चालत. एकतर फिरा, नाहीतर बसा."

"मी फिरून बसतो."

"बसते म्हणा, बाई. बसतो नव्हे."

आमच्याकडे बायासुद्धा येतो, जातो, बसतो असंच म्हणतात. ते साहेबांच्या कानाला टोचत होतं. चाचीनं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "बसते म्हणलं तर जागा भेटते का साहेब?"

साहेबांनी 'स्थिर'वर खूण केली.

प्रमाणपत्र आलं ते इंग्रजीत. फोटो बरा होता, शिक्का गोल होता. रहीमचाचांनी ते प्लास्टिकमध्ये घालून आणलं. कोणी वाचलं नाही. चाचीनं बँकेत कागद दिले आणि आपली बाजाराला लागली.

बँकेच्या त्या शाखेत जागा पाहायचा दिवस गुरुवार. फील्ड ऑफिसर तरुण, मेरठकडचा, आमच्या गावात येऊन त्याला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. मराठी अजून त्याच्या कानाबाहेरच होती. इंग्रजीत लिहिलेला 'पेठ' त्यानं वाचला 'पेथ', आणि निघाला विचारत. पहिला भेटला मुखरूभाऊ.

मुखरूभाऊंची बसस्टँडवर चहाची टपरी आहे. त्यांच्या तोंडात सकाळपासून खर्रा असतो, सुपारी-तंबाखूचा, गालात दाबलेला. म्हणून ते हनुवटी वर करून, आभाळाशी बोलल्यासारखं बोलतात.

"भैया, सोमवार पेथ किधर है?"

"छोमवार?" मुखरूभाऊ आभाळाला म्हणाले. "आज बेछ्तरवार हाय छाहेब."

"हाँ, पता है आज गुरुवार है। सोमवार किधर है?"

मुखरूभाऊंनी बोटं मोजली. "चौथ्या दिवछी."

"अरे भाई, दिन नहीं! पेथ! पेथ!"

"पेट?" मुखरूभाऊंनी काळजीनं त्याच्या पोटाकडे पाहिलं. "पेट दुखून राह्यलं का? छरकारी दवाखाना तिकडे हाय. छरळ जा."

बिचारा खरंच दवाखान्यापर्यंत गेला. तिथल्या कंपाउंडरनंही त्याला गोळी देऊ केली. मग त्यानं परत येऊन फाइलवर लिहिलं: दिलेल्या पत्त्यावरील जागा अस्तित्वात नाही.

त्या वेळी चाची नदीपल्याड बेस्तरवारीत बसून बांगड्या भरत होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, चाचीचा सुट्टीचा दिवस. ती बँकेत गेली तेव्हा तिला हे कळलं. "जागा नाई म्हणजे?" ती म्हणाली. "मी का हवेत बसतो?" ऑफिसर म्हणाला, पत्ता दुरुस्त करून आणा, महिनाअखेरीला फाइल बंद होईल, मग पुन्हा अर्ज, पुन्हा रांग. मधे दोनच सोमवार होते. आणि पुढची रांग लागेपर्यंत लग्नं उरकली असती.

तशीच ती नगरपरिषदेत गेली.

"पेठ कोणं लिहिली साहेब?"

"तुम्हीच सांगितलंत. सातही वार सांगितलेत."

"सहा."

"सहा. पण आता ते सिस्टममध्ये गेलंय. दुरुस्ती वरून होते. तीन महिने धरा." मग साहेब आवाज खाली आणून, जरा खजील होऊन म्हणाले, "इथे पेठ नसते, हे मला कुणी सांगितलंच नाही हो."

संध्याकाळी चाचीचा भाचा रईस आला. त्याचं चौकात मोबाइलचं दुकान आहे. तो घाईघाईत बोलतो, प्रत्येक वाक्य रिचार्ज संपत आल्यासारखं. "खाला, सोप्पं हाय. माझ्या दुकानाचा पत्ता टाक. भाडेपट्टा मी बनवून देतो, पक्कं दुकान, नवा अर्ज. गुरुवारी तो आला की तू खुर्चीवर बस, चार बांगड्या काउंटरवर मांड. फोटो काढन, जाईन. आठ दिवसांत पैसे. सारे असंच करून राह्यले."

मी ओट्यावरून ऐकत होते. मलाही ते पटलं. चाचीला मात्र नाही.

"तुझ्या दुकानात मी एक दिवस तरी बसली का रे?"

"नाई, पण कागदावर..."

"कागदावर तुझं दुकान लिहिलं, अन् उद्या तळ्याजवळून बाजार उठवाले आले, तं मले काय म्हणतीन? बाई, तुमची जागा चौकात हाय, इथी काऊन बसली? तेव्हा मी काय दाखवू? पैसे पंधरा हजार भेटतीन, अन् सव्वीस वर्षांची जागा जाईन."

"अवं खाला, इतका विचार कोणी करते का?"

"म्हणून तं सारे उठवले जाते."

रहीमचाचांनी शिलाई मशीन थांबवली आणि संध्याकाळचं एकुलतं वाक्य बोलले: "जागा सोडू नको."

पहिला सोमवार तसाच गेला. चाची पाळीखाली बसली, बांगड्या भरल्या, रस्त्याकडे पाहत राहिली. बँकेचं कोणी आलं नाही. आता एकच सोमवार उरला.

शुक्रवारी ती पुन्हा बँकेत. या वेळी ऑफिसरच्या टेबलाकडे वळली नाही, थेट मॅनेजरमॅडमच्या काचेच्या खोलीत शिरली. मॅडम नागपूरच्या. समजावून सांगायच्या सुरात म्हणाल्या, "हे पाहा मावशी, आमचा माणूस जागेवर गेला होता. जागा नव्हती, तुम्हीपण नव्हत्या. आम्ही तरी काय लिहायचं?"

चाचीनं खुर्ची ओढली. मग बांगडी हाडापाशी अडल्यावर विचारते तसं, अगदी गोड विचारलं, "मॅडम, मागच्या इतवारी तुम्ही कुठी होत्या?"

"घरी. का बरं?"

"मी इथी आली होती, बाजाराले जाता जाता. शटर खाली. पानठेल्यावाल्याले विचारलं, बँक कुठी हाय? म्हणे, आज नाई. मग मी लिहून देऊ का वर, या गावात बँक अस्तित्वात नाई?"

"अहो, रविवारी बँक बंद असते!"

"बस. मीबी बेस्तरवारी इथी बंद राहतो."

मॅडम इतक्या हसल्या की बाहेरचा कॅशियर मान वर करून पाहू लागला. त्यांनी ऑफिसरला आत बोलावलं. "सोमवारी दुपारी जाऊन या." तो म्हणाला, "मैडम, मंडे को रश रहता है।" मॅडम म्हणाल्या, "तिथेही राहते. म्हणून तर जायचं."

सोमवारी मी कॉलेजातून परस्पर बाजारात गेले. हे चुकवायचं नव्हतं. पाळीखाली मिरच्यांचे ढीग, मोहफुलांची पोती, आणि चाचीच्या शेजारी धुरपताबाई सुक्या मासोळ्या घेऊन. दोघी पंधरा वर्षांच्या शेजारणी. वासावरून दर सोमवारी भांडतात आणि भाकर एकत्र खातात. सोमवारी मुखरूभाऊसुद्धा टपरी बंद करून किटली घेऊन बाजारात फिरतात.

ऑफिसर आला, हातात कागद, नाकावर रुमाल. "शमीम बी? ये सोमवार पेथ है?"

"काय पेथ वो?" धुरपताबाई म्हणाल्या. "मासोळी घेता का सांगा."

चाचीच्या हातात तेव्हा एका पोरीचा हात होता, बांगडी अर्ध्यावर. तिनं वर न पाहताच सांगितलं, "पेथ नाई साहेब. त्या पुण्याच्या साहेबांनं म्हणलं होतं, मले पक्कं आठवते. पेठ. ठ. ठेल्यातला ठ."

"पेठ," ऑफिसर म्हणाला. मग थांबला. मिरच्यांकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. "पेठ... पैंठ? अरे, पैंठ!" त्याचा रुमाल खाली आला. "हमारे यहाँ हफ़्ते में जो बाज़ार लगता है, उसको पैंठ बोलते हैं! बुध की पैंठ, सोम की पैंठ! तो ये सोमवार की पैंठ है!"

"तेच तं सांगून राह्यलो एक महिना झाला," चाची म्हणाली आणि बांगडी आत सरकवली.

इतक्यात त्याला मुखरूभाऊ दिसले. "आप! उस दिन क्यों नहीं बताया?"

चाचीनं डोळे वटारले. "मुखरूभाऊ, तो खर्रा आधी थुंका. माझ्या कागदाचा प्रश्न हाय."

मुखरूभाऊ बाजूला गेले, थुंकले, चूळ भरली आणि परत येऊन इतकं स्वच्छ बोलले की मला क्षणभर दुसराच माणूस वाटला. "साहेब, तुम्ही सोमवारी विचारली असती तं बोट धरून आणून सोडलं असतं. तुम्ही सोमवार विचारला. तो मी कुठून आणू?"

ऑफिसर खाली बसला, चहा घेतला, फोटो काढला, जागेची खूण लिहिली. मुखरूभाऊ आणि धुरपताबाईंनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. धुरपताबाईंच्या सहीला मासोळीचा वास लागला तो लागलाच. मग त्याचं पेन एका रकान्यावर अडलं. "इसमें 'स्थिर' लिखा है। रोज़ यहीं बैठती हो, लिख दूँ? काम हो जाएगा।"

मी मनात म्हणाले, हो म्हण चाची.

"नका लिहू," चाची म्हणाली. "सोमवारीच बसतो. बाकीचे पाच दिवस कुठी बसतो ते बी लिहा."

"उन पाँच दिनों का काग़ज़ है?"

"नाई."

"तो बैंक एक ही दिन का धंधा मानेगा, आपा। रकम कम हो जाएगी।"

"होऊ द्या कमी. खोटं लिहून जास्ती घेतली, अन् तुम्हीच उद्या मंगळवारी पाहाले आले, मी नाई दिसली, मग?"

त्यानं लिहिलं, जसं होतं तसं.

फाइल महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी पास झाली. पंधरा हजार मागितले होते, सात मंजूर झाले. सहा दिवसांचा धंदा, कागद एका दिवसाचा. रईस म्हणाला, "पाहा खाला, माझं ऐकलं असतं तं..." चाची म्हणाली, "तुझं ऐकलं असतं तं मी आता तुझ्या दुकानात मोबाइल विकून राह्यली असती."

ती नागपूरला गेली, पहाटेच्या एसटीनं, एकटीच. सात हजारांत सगळे रंग येत नव्हते. तिनं एकच घेतला: हिरवा, बारीक सोनेरी ठिपक्याचा, आणि तोही फक्त लहान दोन मापांत. ठोक दुकानदार म्हणाला म्हणे, "बाई, थोडे जांभळे पण घेऊन जा, स्वस्तात लावतो." चाचीनं त्याला काय उत्तर दिलं ते तिनं मला सांगितलं, पण ते लिहिण्यासारखं नाही, बोलून मात्र मी दाखवते, कोणी विचारलं तर.

आल्यावरच्या पहिल्याच मंगळवारी ती बाजाराच्या आधी तिथल्या ग्रामपंचायतीत गेली. हे तिनंच मला सांगितलं, त्या ग्रामसेवकाच्या झोपाळू आवाजासकट, आणि तो तिनं माझ्यापेक्षा चांगला काढला.

"मंगळवारीत मी सव्वीस वर्षांपासून बसतो," ती म्हणाली. "तसं लिहून द्या. सही-शिक्क्यानं."

ग्रामसेवकांनी जांभई दिली. "असं पत्र इथे आजवर कोणी मागितलंच नाही, बाई. त्याचा नमुनाच नाही आमच्याकडे."

"मग कोरा कागद असन ना?"

"आहे. पण काय लिहायचं त्यात?"

"मी सांगतो. तुम्ही लिहा."

"आत्ता? अहो, तुमचा बाजार भरला बाहेर."

चाचीनं पेटी खांद्यावरून उतरवून टेबलाला टेकवली, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"लिहा साहेब. पहिले तारीख टाका."